विकण्याच्या आदल्या रात्री

उद्या सकाळी नवाला रेना येईल,
रोख पैसे आणि थोरल्या भावाला घेऊन.
एकोणीस वर्षांची पोर. परवा पाहायला आली तेव्हा
रेडिओ लागतो का विचारलं,
सीटच्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं,
भावाने टायरला लाथ मारली. सगळेच मारतात.
खाली वाकून कुणी पाहिलं नाही.

पाहायचं तरी काय, म्हणा.
चौऱ्याऐंशी सालचा पिकअप.
पोटाखाली दोन लोखंडी कलिंगडं, एक पुढे, एक मागे,
मधे ट्रान्स्फर केस, आडव्या पडलेल्या बुटासारखी.
आतलं तेल शेवटचं बदललं
तेव्हा माझे गुडघे माझं ऐकत होते.

पाठीखाली पुठ्ठा.
मोन्टानातला ऑक्टोबर सिमेंटमधून वर येतो
आणि एकेक बरगडी मोजतो.

आधी वरचं बूच, भरायचं. नेहमी वरचं आधी.
खालचं उघडून मोकळा झालास
आणि वरचं गंजून बसलेलं निघालं
तर तेलही गेलं, तूपही गेलं,
हाती नुसता पाना.
बसलेलंच होतं. गंजतेल मारलं, कॉफी प्यालो,
पान्याला चार फुटी नळी जोडली, एक शिवी दिली.
कर्र.

मागचं तेल आलं ते काकवीसारखं,
काळं, घाई नसलेलं,
आणि गंधकाचा तो वास, ज्याच्यासाठी
मार्लिस माझं जाकीट गोठ्यात झोपवते.
चुंबकावरची राखाडी लव चिमटीत चोळून पाहिली.
मऊ. खडा नाही, दाताचा तुकडा नाही.
झीज आहे, मोडतोड नाही.
माझ्या तपासण्या बघून डॉक्टरीणबाईही
जवळपास हेच बोलल्या होत्या.

ट्रान्स्फर केसमधून तांबडं यायला हवं, आलं तपकिरी.
नवं भरलं, हातपंपाने, मनगट भरून येईपर्यंत.
भोकाच्या काठावरून धार लागली की पुरे.
आतलं कुणाला दिसत नाही,
पण भरलं की ते आपणहून सांगतं.

मग पुढचं.
दहा बोल्ट. झाकणाची खालची कड पटाशीने उचलली
आणि ताटात पडली
दूध जास्त झालेली कॉफी.

पाणी.
हवेची नळी चिरलेली, तिथून ओढलेलं.
पण मी ही गाडी पाण्यात घातली नाही कधी,
घोट्याच्या वर तर नाहीच.
आमच्या नदीचं नावच दूध,
तिचा रंगही असाच,
आणि तरी मला उमगायला वेळ लागला,
त्या ताटाकडे बघत, पुठ्ठ्यावर, आडवा.

मे महिना. पूल नऊ दिवस बंद.
मी बिलिंग्जच्या इस्पितळात, नवा खुबा बसवून,
आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ही दारात उभी,
हातात माझा पायजमा, चष्मा, आणि तो रेवड्यांचा डबा.
रस्ता कसा होता, विचारलं.
ठीक होता, म्हणाली.
तिचे बूट ओले होते का?
बुटांकडे पाहिलंच नव्हतं मी.

स्वस्त तेलाने एकदा विसळलं, मग चांगलं भरलं.
नळी नवी घातली, वीतभर जास्त लांब,
वरच्या बाजूला, इंजिनाजवळ बांधली.
रेना विचारणार नाही. भाऊही नाही.

घरात आलो तेव्हा ती शब्दकोडं सोडवत होती.
"मेमध्ये पूल बंद होता ना?"
"कुठल्या मेमध्ये?"
पेन्सिल थांबली. मान वर आली नाही.
"हात धू आधी," म्हणाली, "वास येतोय."

गाडीच्या खणात मी एक कागद ठेवलाय:
तारीख, मैल, कुठलं तेल कुठे, किती.
आणि खाली, रेना, तुझ्यासाठी:
पाणी चाकाच्या मध्याला लागलं
तर घरी येऊन पुढचं लगेच उघड.
मी कशाला नदीत घालतेय, असं म्हणू नकोस.
पलीकडे कोण असेल ते आज तुला माहीत नाही.